रोगाला नाव मिळण्यापूर्वी



साहित्याच्या व्यासपीठावर एका डॉक्टराने काय सांगावे, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. मलाही पडला होता. तेव्हा शब्दांच्याच वाटेने जातो.

डॉक्टरसमोर बसलेला माणूस जे पहिले वाक्य बोलतो, त्यात रोगाचे नाव नसते. "कालपासून पोट बिघडलंय", "रात्रभर हुडहुडी भरली होती", "चार पायऱ्या चढलो तरी धाप लागते", असे काहीतरी तो सांगतो. नाव मागाहून मिळते. रक्त-लघवी तपासून दोन-चार दिवसांनी मिळते, आणि पुष्कळदा ते मिळण्याआधीच माणूस बरा होऊन कामाला लागलेला असतो. एकट्या रुग्णाच्या बाबतीत याने फारसे बिघडत नाही, कारण लक्षणांवर उपचार सुरू करता येतात. पण एकाच शहरात, एकाच आठवड्यात हजारो माणसे तेच वाक्य बोलत असतील आणि प्रत्येक जण वेगवेगळ्या दवाखान्यात बोलत असेल, तर ती सगळी मिळून काय सांगत आहेत हे कोणाच्या कानावर पडणार?

या प्रश्नाचे एक उत्तर गेल्या तीस वर्षांत काही शहरांनी शोधले आहे. मोठ्या इस्पितळांच्या तातडीच्या विभागात, म्हणजे आपण ज्याला कॅज्युअल्टी म्हणतो तेथे, रोज येणाऱ्या माणसांची ही पहिली वाक्येच गोळा करायची आणि मोजायची. निदानाची वाट पाहायची नाही. हे उत्तर कसे तयार झाले, ते कोठे उपयोगी पडले, कोठे तोकडे पडले आणि आपल्याकडे त्यातले काय घेण्यासारखे आहे, ते आपल्यापुढे मांडतो.

सुरुवात १९९३ सालच्या एप्रिल महिन्यापासून करू. अमेरिकेत मिशिगन सरोवराच्या काठी मिलवॉकी नावाचे शहर आहे. ते पिण्याचे पाणी त्याच सरोवरातून घेते. पाणी शुद्ध करणारी दोन केंद्रे होती. मार्चच्या अखेरीस दक्षिणेकडच्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा गढूळपणा वाढू लागला. तो मोजला जात होता, त्याची नोंदही होत होती. पाण्यात क्लोरीन होते, त्यामुळे कोणाला फारशी काळजी वाटली नसावी. पण त्या पाण्याबरोबर क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एकपेशीय जीव घरोघर पोचत होता, आणि हा जीव क्लोरीनला दाद देत नाही. ५ एप्रिलला राज्याच्या आरोग्य खात्याला बातमी लागली, ती कोणत्या प्रयोगशाळेकडून नव्हे. इस्पितळांतले कर्मचारी, शाळांतली मुले आणि मास्तर मोठ्या संख्येने पोट बिघडल्यामुळे गैरहजर आहेत, असे लोक कळवू लागले. औषधांच्या दुकानांतून जुलाब थांबवणारी औषधे भराभर खपत होती. ७ एप्रिलच्या संध्याकाळी पाणी उकळून प्यावे असे जाहीर झाले. मागाहून केलेला अंदाज असा की सुमारे ४ लाख ३ हजार माणसे आजारी पडली होती.

जाता जाता सांगतो. आम्हा जैनांच्या घरी पाणी गाळून घेण्याचा रिवाज आहे आणि त्याचा मला अभिमानही आहे. पण हा जीव मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढा असतो. दुहेरी फडक्यातूनही तो सहज खाली उतरतो. उकळल्यावर मात्र मरतो.

मिलवॉकीच्या या लाखो आजाऱ्यांपैकी कित्येक जण कॅज्युअल्टीत गेले होते. तेथे त्यांना नेहमीप्रमाणे "काय होतंय?" असे विचारले गेले, आणि जे उत्तर आले ते लिहूनही घेतले गेले. मग कळले का नाही? एक कारण असे की जुलाबाच्या रुग्णाची विष्ठा तपासायला पाठवली तरी या जीवाची तपासणी तेव्हा सरसकट होत नसे, ती वेगळी सांगून करवून घ्यावी लागे. दुसरे कारण साधे आहे. प्रत्येक इस्पितळाची वही त्याच्या त्याच्या कपाटात होती. एका इस्पितळात नेहमीपेक्षा चार रुग्ण जास्त आले तर तेथला डॉक्टर म्हणतो, हवा बदलली आहे. सगळ्या वह्या शेजारी शेजारी उघडून पाहणारे कोणी नव्हते.

न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य खात्याने यावरून हालचाल केली. १९९५ पासून त्यांनी वृद्धाश्रमांतले जुलाबाचे रुग्ण, प्रयोगशाळांकडे येणारे विष्ठेचे नमुने आणि जुलाबाच्या औषधांची विक्री यांवर लक्ष ठेवायला सुरुवात केली. १९९८ मध्ये रुग्णवाहिकेसाठी येणाऱ्या दूरध्वनींची भर पडली. आपल्याकडे १०८, तसा तेथे ९११ हा क्रमांक. "श्वास घेता येत नाही" असे सांगणारे दूरध्वनी वाढले की फ्लूचा हंगाम सुरू झाला असे ओळखता येऊ लागले.

मग ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला. आता कोणी जंतूंचा हल्लाही करील, अशी धास्ती बसली. केंद्र सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेचे तरुण अधिकारी शहरातल्या १५ इस्पितळांच्या कॅज्युअल्टीत दिवसरात्र पाळ्या लावून बसवले गेले. येणाऱ्या प्रत्येक रुग्णासाठी एक कागद भरायचा. महिनाभरात सगळे थकले. माणसांच्या बळावर हे काम वर्षानुवर्षे रेटता येणार नाही, हे स्पष्ट झाले. तेव्हा असा विचार पुढे आला की रुग्ण आला की नोंदणीच्या खिडकीवर संगणकात जे टिपले जातेच, तेवढेच रोज आरोग्य खात्याकडे पाठवावे. नवे काम कोणावर नको. २००१ च्या नोव्हेंबरपासून ही पद्धत सुरू झाली. पहिल्या वर्षात ३९ इस्पितळे सामील झाली, सुमारे २५ लाख भेटींची नोंद तपासली गेली, आणि शहरातल्या तातडीच्या विभागांत होणाऱ्या भेटींपैकी अंदाजे पाऊण हिस्सा तिच्यात आला.

प्रत्येक रुग्णामागे काय पाठवायचे? वय, स्त्री की पुरुष, राहत्या घराचा पिन कोड, येण्याची तारीख व वेळ, आणि मुख्य तक्रार. नाव नाही. ही मुख्य तक्रार म्हणजे रुग्णाने सांगितलेले आणि नर्सने घाईत टिपलेले एक तुटक वाक्य. त्यात स्पेलिंगच्या चुका असतात, अर्धवट शब्द असतात, आद्याक्षरे असतात. श्वास लागतो याला तेथे 'एस-ओ-बी' लिहितात. मळमळ, उलटी, जुलाब या तिन्हींसाठी 'एन-व्ही-डी'. संगणकाला या साऱ्या रूपांची यादी शिकवावी लागली, चुकीच्या स्पेलिंगांसकट. मग प्रत्येक भेट एका गटात पडते. श्वसनाच्या तक्रारी, ताप, जुलाब, उलटी हे त्यांतले महत्त्वाचे गट. ताप आणि खोकला दोन्ही असले तर कोठे टाकायचे, याचा क्रम आधीच ठरवलेला असतो, म्हणजे एक माणूस दोनदा मोजला जात नाही.

येथे थोडा थांबतो, कारण हा भाग तुमचा-माझा आहे. मोजणी शब्दांची आहे आणि शब्द गावोगाव वेगळे आहेत. नुसत्या जुलाबासाठी मराठीत किती शब्द आहेत पाहा. जुलाब, ढाळ, हगवण, पातळ परसाकडे होणे, पोट चालणे. सभ्य घरातली म्हातारी यांतले काहीच म्हणणार नाही. ती म्हणेल, "सारखं जावं लागतंय." कुठे, ते आपण ओळखायचे. आणि 'मुरडा' म्हटला की त्यात पोटातली कळ आली, बहुधा आवही आली. तो शब्द नुसत्या 'जुलाब' या खान्यात टाकला तर काही हरवते. बेळगावकडे शेजारच्या कन्नडमधली 'वांती-भेदी' ऐकू येते. बडोद्याची मराठी माणसे शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून 'झाडा-उलटी' ऐकतात, इंदूर-ग्वाल्हेरला 'उल्टी-दस्त'. आणि चारही ठिकाणी नव्या पिढीचे 'लूज मोशन' आहेच. 'ताप' या शब्दाची तर वेगळीच गंमत. मुलाने डोक्याला ताप दिला, हेही आई दवाखान्यात बसूनच सांगते. सरकारी दवाखान्याच्या खिडकीवर आमच्याकडे रुग्ण मराठीत सांगतो, पलीकडची नर्स कन्नडमध्ये समजून घेते आणि नोंद इंग्रजीत होते. तीन भाषांच्या गाळणीतून गेल्यावर 'अंग मोडून आलंय, डोळ्यांच्या मागं दुखतंय' या वाक्याचे 'फीव्हर' एवढेच उरते. डोळ्यांच्या मागचे दुखणे हा डेंग्यूच्या तापातला महत्त्वाचा धागा, आणि नेमका तोच गळतो.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. हानेमान यांनी 'ऑर्गेनॉन' या ग्रंथाच्या ८४ व्या सूत्रात सांगून ठेवले आहे की रुग्ण आणि त्याची माणसे जे सांगतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे. साथीच्या रोगाचे पुरते चित्र पहिल्या रुग्णात दिसत नाही, अनेक रुग्ण पाहिल्यावरच ते उमटते, असेही पुढे शंभराव्या सूत्रापासून ते म्हणतात. औषधांच्या गुणावगुणाचा वाद मी येथे आणत नाही, त्याची जागा वेगळी. पण लिहून घेण्याच्या या शिस्तीपुरते मला न्यूयॉर्कच्या संगणकाशी नाते वाटते.

आता मोजण्याकडे येऊ. आज जुलाबाचे २५ रुग्ण आले, तर हे जास्त की कमी? नुसत्या आकड्यावरून सांगता येत नाही. सोमवारी गर्दी असते. थंडीत खोकला वाढतो. म्हणून आजचा आकडा मागच्या काही दिवसांच्या सरासरीशी ताडून पाहतात. एका प्रचलित रीतीत मागचे सात दिवस धरतात, त्या दिवसांत आकडा एरवी किती वरखाली होत होता ते काढतात, आणि आजची उडी त्या नेहमीच्या वरखाली होण्याच्या तिपटीहून मोठी असेल तर इशारा देतात. शिवाय एकूण गर्दीच वाढली असेल तर फसगत होऊ नये म्हणून त्या गटाचे प्रमाण इतर रुग्णांशी ताडतात. आणखी एक तपासणी जागेची असते. शहराच्या नकाशावर लहानमोठी वर्तुळे काढत जायची आणि कोणत्या वर्तुळात अपेक्षेपेक्षा जास्त रुग्ण आहेत ते पाहायचे. मार्टिन कुलडॉर्फ या संख्याशास्त्रज्ञाने तयार केलेली ही पद्धत न्यूयॉर्कने उचलली.

यात एक अडचण आहे आणि ती हिशेबानेच दाखवतो. समजा ३९ इस्पितळे आहेत आणि प्रत्येकाचे चार गट रोज तपासायचे. म्हणजे रोज १५६ तुलना झाल्या. शंभरात एखाद्याच वेळी निव्वळ योगायोगाने ओलांडली जाईल, अशी कडक रेषा आखली, तरी रोज सरासरी दीड इशारा खोटा येणार. वर्षाला साडेपाचशेच्या वर. रेषा आणखी वर नेली तर खोटे इशारे कमी होतात, पण खरी साथही उशिरा दिसते. या ओढाताणीतून सुटका नाही. म्हणून इशारा वाजला की लगेच धावाधाव करत नाहीत. आधी आकड्यांची चूक आहे का ते पाहतात. मग त्या इस्पितळाला दूरध्वनी करून विचारतात की हे रुग्ण कोण होते, एका घरातले होते का, कोणी दाखल झाले का. दुसऱ्या दिवशी आकडा खाली आला तर बहुतेक वेळा प्रकरण तेथेच संपते. हे काम करणाऱ्याला चिकाटी लागते. रोज लांडगा आला म्हणून ओरडणाऱ्या यंत्राशेजारी बसून खरा लांडगा ओळखायचा असतो.

तो एकदा चांगला ओळखला गेला. १४ ऑगस्ट २००३ रोजी, गुरुवारी, दुपारी चारच्या सुमारास ईशान्य अमेरिकेचा मोठा भाग आणि कॅनडाचा काही भाग अंधारात बुडाला. सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. न्यूयॉर्कमध्ये ती पूर्ण यायला दुसऱ्या दिवसाची रात्र उजाडली. आपल्याला यात विशेष वाटणार नाही, कारण विजेचा लपंडाव पाहतच आपल्या पिढीचे केस पिकले. पण त्या शहराचे सगळे अन्न शीतकपाटात असते. पुढच्या दोन-तीन दिवसांत कॅज्युअल्टीच्या नोंदींत जुलाबाचा आकडा शहरभर चढला. जुलाबाच्या औषधांची विक्रीही वाढलेली दिसली. आरोग्य खात्याने आजारी पडलेल्यांशी आणि न पडलेल्यांशी बोलून तुलना केली, तेव्हा वीज गेल्यानंतर मांस आणि मासे खाणाऱ्यांकडे बोट गेले. मासे-मटण हा काही माझ्या घरचा विषय नव्हे, पण कारण उघड आहे. थंडावा गेलेल्या कपाटातले ते अन्न टाकून देणे लोकांच्या जिवावर आले असणार. या सबंध प्रकारात डॉक्टरांनी कळवलेला असा एकही ठळक रोग नव्हता. दोन दिवसांच्या जुलाबासाठी विष्ठा तपासायला कोण जातो? लक्षणांची मोजणी नसती, तर ही वाढ कोणाच्या ध्यानात आली नसती असे मला वाटते.

मात्र या यंत्राकडून काय मिळणार नाही, हेही त्याच शहराने दाखवले आहे. १९९९ च्या ऑगस्टमध्ये क्वीन्स भागातल्या एका इस्पितळातल्या डॉक्टर डेबोरा ॲसनिस यांना मेंदूज्वराचे दोन रुग्ण विचित्र वाटले. दोघांच्या स्नायूंतली ताकद गेली होती. त्यांनी आरोग्य खात्याला दूरध्वनी केला. तेथून जो शोध सुरू झाला त्याच्या शेवटी वेस्ट नाईल हा विषाणू सापडला. पश्चिम गोलार्धात तो प्रथमच दिसला होता. दोन रुग्णांनी कोणताही आलेख हलत नाही. २००१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टपालातून अँथ्रॅक्सची भुकटी पाठवली गेली. सगळ्या अमेरिकेत २२ जण आजारी पडले, पाच दगावले. पहिला रुग्ण ओळखला गेला तो फ्लोरिडात, पाठीच्या कण्यातले पाणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणाऱ्या डॉक्टरामुळे. २००९ मध्ये स्वाइन फ्लू न्यूयॉर्कमध्ये पोचल्याची वर्दी २३ एप्रिलला एका शाळेतल्या परिचारिकेच्या दूरध्वनीने मिळाली. तिच्या खोलीबाहेर तापलेल्या मुलांची रांग लागली होती.

आणि आपल्याकडचे उदाहरण त्याहून शंभर वर्षे जुने आहे. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागातल्या तापाच्या रुग्णांत गाठीचा प्लेग आहे, हे ओळखले ते डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. ते मूळचे गोव्यातल्या हडफड्याचे. त्यांच्या मदतीला आलेख नव्हता. त्यांनी रुग्ण पाहिले, गाठी चाचपल्या आणि अप्रिय गोष्ट स्पष्ट सांगितली.

मग हजारो रुग्णांची वाक्ये मोजून मिळाले काय? माझे मत असे. साथ आल्याची पहिली वर्दी बहुतेक वेळा कोणीतरी डोळे उघडे ठेवलेला माणूसच देतो. पण तिच्यानंतर जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरे एकटा डॉक्टर देऊ शकत नाही. किती पसरली? कोणत्या पेठेत? मुलांत जास्त की म्हाताऱ्यांत? चढते आहे की उतरते आहे? २००९ च्या मे महिन्यात फ्लूसारख्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांचा ओघ न्यूयॉर्कला रोजच्या रोज दिसत होता. प्रत्येकाची तपासणी करणे तेव्हा शक्यच नव्हते. आणि आणखी एक उत्तर मिळते, त्याची किंमत आपण कमी लेखतो. ते म्हणजे 'काही विशेष नाही'. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकच्या वेळी जगभरची माणसे एका शहरात जमली होती, तेव्हा अशाच नोंदींवरून रोजचा अहवाल निघत असे. काही घडलेले नाही, हे पाहून सांगणे आणि न पाहता सांगणे यांत फरक आहे. १९९४ चा सप्टेंबर ज्यांना आठवतो, त्यांना हे अधिक सांगायला नको. बीड जिल्ह्यात गाठीच्या प्लेगचे रुग्ण सापडले, पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची बातमी आली आणि काही दिवसांत लाखो माणसे सुरत सोडून गेली. बडोद्याच्या स्थानकावरून गेलेल्या त्या भरगच्च गाड्या तेथल्या आपल्या लोकांनी पाहिल्या असतील. खरे रुग्ण किती, याचा भरवशाचा रोजचा आकडा त्या दिवसांत कोणाच्या हाती नव्हता.

भीतीने आकडे कसे फिरतात, तेही लक्षात ठेवले पाहिजे. रोगाची बातमी पसरली की साधी सर्दी झालेला माणूसही इस्पितळ गाठतो आणि आलेख चढतो. उलटही होते. २०२० मध्ये २९ मार्च ते २५ एप्रिल या काळात अमेरिकेतल्या तातडीच्या विभागांतल्या भेटी आदल्या वर्षाच्या त्याच काळापेक्षा ४२ टक्क्यांनी घटल्या. छातीत दुखणारी माणसेसुद्धा कोरोनाच्या भीतीने घरी बसली. त्यामुळे खोकल्याच्या रुग्णांचे प्रमाण फुगलेले दिसले, कारण बाकीचे रुग्ण आलेच नव्हते.

आता आपल्याकडे. रोगांवर नजर ठेवण्याची देशव्यापी योजना २००४ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली. तिच्यात तीन प्रकारचे तक्ते आहेत. गावातल्या आरोग्यसेविकेने लक्षणांवरून भरायचा, डॉक्टराने अंदाजी निदानावरून भरायचा आणि प्रयोगशाळेने भरायचा. पहिल्या तक्त्यामागची कल्पना न्यूयॉर्कसारखीच आहे, आणि तो भरणारी बाई घरोघर जाते ही आपली जमेची बाजू. पूर्वी हे तक्ते आठवड्याने जात. २०२१ च्या एप्रिलपासून संगणकावरची नवी पद्धत देशभर लागू झाली आहे, तिच्यात रोजची नोंद अपेक्षित आहे.

पण न्यूयॉर्कची पद्धत जशीच्या तशी उचलून आपले काम होणार नाही. तेथे ज्याला घरचा डॉक्टर नाही तो साध्या तापालाही कॅज्युअल्टीत जातो. आपल्याकडे कॅज्युअल्टीत जातात ते अपघात, विषबाधा, साप चावलेले आणि छातीत दुखणारे. तापाचा, जुलाबाचा माणूस आधी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात जातो, मग आमच्यासारख्या गल्लीतल्या डॉक्टराकडे. साथीचे पहिले वाक्य येथे बोलले जाते, आणि येथेच ते बहुधा लिहिले जात नाही. चिठ्ठीवर औषध असते, तक्रार नसते. चिठ्ठी रुग्णाबरोबर घरी जाते. सरकारी दवाखान्यातल्या केसपेपरवर निदान काही ओळी तरी उरतात. खासगी दवाखान्यांपर्यंत हे तक्ते नीट पोचलेले नाहीत, आणि देशातली बहुसंख्य माणसे तर तेथेच जातात. म्हणून मला वाटते की आपल्या शहरांना आधी मोठ्या संगणकाची नव्हे, दवाखान्यातल्या वहीची गरज आहे. तारीख, वय, गल्ली आणि तक्रार, एवढे चार रकाने. आठवड्याला नव्हे, रोज एका ठिकाणी कळवलेले.

पुण्याचे ताजे उदाहरण पाहा. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागांत गुलियन-बारी नावाच्या आजाराचे रुग्ण भराभर दिसू लागले. यात हातापायांतली ताकद जाते, कधी श्वासही अडकतो. एरवी लाख लोकांमागे वर्षाला एखाद-दुसरा रुग्ण. तेथे काही आठवड्यांत संख्या दोनशेच्या आसपास गेली. रुग्ण वेगवेगळ्या इस्पितळांत होते. मज्जातंतूंच्या डॉक्टरांना गर्दी असाधारण वाटली, त्यांनी कळवले, मग पत्ते जुळवले गेले आणि पाण्याकडे लक्ष गेले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू मिळाला. हा जिवाणू आधी जुलाब करतो, लुळेपणा मागाहून येतो. म्हणजे त्या भागातल्या काही घरांत आठ-पंधरा दिवस आधी पोट बिघडले होते. ती वाक्ये कोणत्या तरी छोट्या दवाखान्यांत बोलली गेली असणार.

सीमाभागात राहणाऱ्यांना यात एक खास अडचण आहे. चंदगडचा रुग्ण बेळगावला येतो. खानापूरचा माणूस कधी बेळगावला, तर कधी गोव्यात बांबोळीला जातो. दोडामार्गचेही बांबोळीलाच जातात. तीन राज्यांची तीन खाती, तीन हिशेब. माकडताप गोव्याच्या सत्तरीत २०१५ मध्ये आणि लगेच पुढच्या वर्षी दोडामार्गात दिसला. काजूच्या बागा आणि सह्याद्रीचे रान सलग आहे, गोचिडीला हद्द माहीत नाही. अशा तापाचा रुग्ण कोणत्या इस्पितळात आला, यावरून काही कळत नाही. न्यूयॉर्कने म्हणूनच इस्पितळाच्या पत्त्याबरोबर राहत्या घराचा पिन कोड मागितला होता. तरी तेथेही एक फट राहिली, कारण माणूस राहतो एका ठिकाणी आणि दिवस घालवतो दुसरीकडे. आपल्याकडे ती फट आणखी रुंद आहे. काजूच्या हंगामात माणसे महिना-महिना दुसऱ्याच्या बागेत मुक्काम करतात आणि ताप अंगात भरल्यावर गावी परततात. केसपेपरवर मग त्यांच्या गावाचे नाव येते, जेथे त्या रोगाची गोचीड नसतेही. माझ्या वहीत मी गावापुढे आणखी एक रकाना आखला आहे, 'गेल्या पंधरा दिवसांत मुक्काम व काम कोठे'. तो भरायला प्रत्येक रुग्णामागे अर्धे मिनिट लागते. रुग्ण आधी चकित होतो, मग आठवून आठवून सांगू लागतो, आणि त्याच्याबरोबर आलेली बायको त्याच्या तारखा दुरुस्त करते.